आधी हात दाखव

कळमन्याच्या चौकात काकाजींचा फ्लेक्स लागला आणि माझं डोकं फिरलं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे काकाजींचा चेहरा आणि चेहऱ्याखाली काळा कोट. ज्या माणसानं कायद्याची पदवी घेऊनही जन्मात काळा कोट अंगाला लावला नाही, त्याला मेल्यावर फ्लेक्सवाल्यानं तो कॉम्प्युटरवर चढवला होता. कोट दुसऱ्याच कोणा जाडजूड वकिलाचा असावा. काकाजींची वाळकी मान त्याच्या कॉलरीत कुठल्या कुठे हरवली होती. नावाआधी पदव्यांची ही रांग: कामगारमहर्षी, ज्येष्ठ विधिज्ञ, श्रमिकांचे कैवारी, आणखी काय काय. आणि खाली, श्रद्धांजली वाहणाऱ्यांच्या गोल गोल फोटोंमधे, हात जोडून उभे आमच्या कोल्ड स्टोरेजचे मालक.

मालक! याच मालकांनी मला कामावरून काढलं आणि याच मालकांविरुद्ध काकाजी माझ्यासाठी कामगार न्यायालयात वर्षानुवर्षं भांडले. कोर्टाच्या जिन्यात काकाजी दिसले की हे तोंड फिरवून पानाची पिंक टाकायचे. आता म्हणे भावपूर्ण. माणूस मेला की त्याच्यावर कोणीही फूल टाकावं, त्याला कुठे 'हरकत आहे' म्हणता येतं? नाही तर काकाजींनी तिथल्या तिथे उठून हरकत घेतली असती.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. फ्लेक्सवर लिहिलं तेवढं पुरे झालं. त्यांना 'वकीलसाहेब' म्हटलेलं खपायचं नाही, 'नेते' म्हटलं तर ते चहा अर्धा टाकून उठायचे. 'काकाजी' तेवढं चालायचं. "नातं चालते, हुद्दा नाही चालत," म्हणायचे.

काकाजी कोर्टात वकील म्हणून नाही, कामगार संघटनेचे प्रतिनिधी म्हणून उभे राहायचे. कामगार न्यायालयात तसं चालतं. संघटना म्हणजे काय, तर कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवरचं एक बाकडं. उलट समोरच्या कंपनीला वकील उभा करायचा असेल तर आपली संमती लागते, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. काकाजी ती संमती द्यायचे नाहीत. पहिल्याच तारखेला कंपनीचा वकील कोट झटकत उभा राहिला, की हे बसल्या जागेवरून म्हणायचे, "हरकत आहे." मग वकिलाला मागच्या बाकावर बसावं लागायचं आणि कंपनीचाच कोणी माणूस पुढे येऊन चाचरत बोलायचा. वकील मागून त्याला कुजबुजत सांगायचा आणि काकाजी न्यायाधीशांना मोठ्यानं म्हणायचे, "मागून आवाज येऊन राहिला, मॅडम. तोही लिहून घ्या."

माणसाचं तोंड त्यांच्या लक्षात राहत नसे, हात राहत. कोणी नवीन माणूस कागदांची पिशवी घेऊन टपरीपाशी आला की त्याच्याकडे न बघता ते म्हणायचे, "आधी हात दाखव." लोक बिचकायचे. एखाद्याला वाटायचं हा ज्योतिषी आहे, तो तळवा पसरून नोकरीचा योग विचारायचा. काकाजी तळव्यावरून अंगठा फिरवायचे, नखं बघायचे, बोटांची टोकं दाबायचे.

"ड्रायव्हर ना गा तू?"

"नाही जी, लॉजिस्टिक्स एक्झिक्युटिव्ह."

"एक्झिक्युटिव्ह गेला खड्ड्यात! गाडी कोण चालवते?"

"मीच चालवतो जी."

"मंग ड्रायव्हर म्हण ना. लाज वाटून राहिली काय?"

त्यांच्या सख्ख्या पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हाही हेच. मुलाचे वडील सांगत होते, मुलगा डिलिव्हरी पार्टनर आहे, पुढे फार स्कोप आहे. काकाजींनी पोह्याची प्लेट खाली ठेवली आणि मुलालाच विचारलं, "दिवसभर काय करतं बाबू?" मुलगा शांतपणे म्हणाला, "लोकांचे डबे पोचवतो. उन्हात हाल होतात, पण पोचवतो." काकाजी खूश. "पोरगा खरं बोलते. द्या पोरगी." ते लग्न झालं, पण मुलाच्या वडिलांनी काकाजींशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवणारी माणसं आपल्याकडे खूप. ऊन लागू नये म्हणून ठेवतात. काकाजी तो कोर्टातही बाहेर काढून समोरच्या टेबलावर ठेवायचे, शेजारी चष्मा आणि डोक्याचा दुपट्टा. कंपन्यांचे वकील चेष्टा करायचे, "काकाजी, कांदा आणला, भाकर कुठे आहे?"

"भाकर तुमच्या मालकाजवळ आहे," काकाजी म्हणायचे. "तेच तर मागाले आलो."

मी त्यांच्यापर्यंत पोचले ती ऑफिसर होऊन. ती गोष्ट सांगायला बसले की अजून लाज नाही, राग येतो. कळमन्याच्या बाजारातून लाल मिरचीची पोती आमच्या कोल्ड स्टोरेजला येतात. मागच्या शेडमधे आम्ही बायका ती ओतून निवडतो. देठ खुडायचे, पांढरी पडलेली मिरची वेगळी काढायची, ओली असेल तर बाजूला. मी बारावी झालेली, नजर चांगली, त्यामुळे कोणता माल कुठल्या खोलीत जाईल ते मला विचारायचे. एका दसऱ्याला मशीनची पूजा झाली आणि मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात ओळखपत्र घातलं. क्वालिटी ऑफिसर! पारशिवनीच्या माझ्या भावानं त्याचा फोटो आठ दिवस स्टेटसला ठेवला. आईनं ओळखपत्राला हळदीकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच शेडमधे, त्याच तरटावर, त्याच बायकांसोबत देठ खुडायला बसले. फरक एवढाच की बायका संध्याकाळी घरी जायच्या आणि मी रात्र पडेपर्यंत बसायची, कारण ऑफिसरला जादा कामाचे तास नसतात.

मिरचीत हात घातलेल्या माणसालाच कळतं आग म्हणजे काय ते. आमच्या शेडला नळ नव्हता. नळ पुढे, ऑफिसपाशी. हात धुवायचे तर ट्रकांच्या रांगेतून सगळं आवार ओलांडून जायचं. आमच्यातली सिंधू तेव्हा बाळंतपणाहून आलेली. जेवणाच्या सुट्टीत तिची सासू लेकरू घेऊन फाटकाशी यायची. एकदा ट्रक आडवे लागले होते, लेकरू रडत होतं आणि सिंधूला राहवलं नाही. तिनं तसंच ते उचललं. त्या लेकराची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. संध्याकाळी मी मालकांकडे गेले. म्हटलं, "मालक, मागं एक नळ लावून द्या." एवढंच. ना घोषणा, ना निवेदन. ते म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीदारानं मला फाटकावर अडवलं आणि ओळखपत्र काढून घेतलं.

कामगार अधिकाऱ्यापुढे समेटाची बैठक झाली. तिथे कंपनीनं काय सांगावं? की बाई कामगार नाहीतच, बाई अधिकारी आहेत, आणि त्यांच्यावरचा मालकांचा विश्वास उडाला आहे. अधिकारी असेल त्याला कामगार न्यायालयाचं दार बंद. म्हणजे बघा, आधी मला मोठं केलं, मग मोठी म्हणून बाहेर काढलं. आता परत आत जायचं तर कोर्टात शपथेवर सांगायचं की मी मोठी नाही हो, मी लहान आहे, मला लहान म्हणा. नोकरीतून का काढलं हा प्रश्न पुढचा. आधी मी कोण, तेच ठरायचं होतं आणि ते ठरायला वर्षं गेली. कोणाला राग येणार नाही?

टपरीवर काकाजींनी माझे हात बघितले आणि विचारलं, "मिरची?"

मी रडायलाच लागले. त्यांनी हात सोडून दिला. "रडगाणं नको वं. सकाळी फाटकातून आत गेल्यावर पहिलं काय करत होती, ते सांग."

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. तारखेमागून तारीख, दर वेळी फाटकापासून संध्याकाळपर्यंतचा पूर्ण दिवस. मी चुकून म्हटलं, 'मी मालावर लक्ष ठेवायचे', की ते बाकड्यावर थाप मारायचे. "डोळ्यानं लक्ष ठेवत होती का हातानं निवडत होती?" एकदा तर मला मूठभर मिरच्या आणायला लावल्या आणि टपरीवर वर्तमानपत्र पसरून निवडून दाखव म्हणाले. चहा पिणारे ठसकून पळाले. टपरीवाल्यानं शिव्या घातल्या. काकाजी मात्र माझ्या बोटांकडे बघत राहिले, पोरगं भोवऱ्याकडे बघतं तसे.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे वडील उमरेडचे, हातमागावर विणणारे. व्यापारी सूत द्यायचा आणि विणलेलं लुगडं घेऊन जायचा. एका दिवाळीला व्यापाऱ्यानं सगळ्या विणकरांना पेढे वाटून सांगितलं, आजपासून तुम्ही मजूर नाही, माझे भागीदार. वडील खूश होऊन घरी आले. पुढे माल पडून राहिला तेव्हा व्यापारी म्हणाला, नफ्यात भागीदार तर नुकसानीतही भागीदार. माग विकावा लागला. "माह्या बापाले पेढा खाऊ घालून लुटलं वं," काकाजी म्हणाले. "तेव्हापासून कोणी गोड नाव देऊन राहिला की मी त्याचा हात पाहतो, कुठं चालला म्हणून."

मात्र हा माणूस देव होता असं कोणी समजू नये. फ्लेक्सवाले समजतात तेवढं पुरे. काकाजी हट्टी होते आणि त्या हट्टापायी दुसऱ्याची पोळी करपली तरी त्यांचं लक्ष नसायचं. एका म्हाताऱ्या चौकीदाराला कंपनी काहीतरी देऊन प्रकरण मिटवायला तयार होती. त्यालाही ते घेऊन गावाकडे जायचं होतं. काकाजी म्हणाले, नाही, हक्काचं घेऊ. निकालाआधीच तो म्हातारा गेला. त्याच्या बायकोनं टपरीवर येऊन काकाजींना तोंडाला येईल ते सुनावलं. ते मान खाली घालून उभे होते, एका शब्दानं उलटून बोलले नाहीत. पण शिकले का? नाही शिकले. माझ्या वेळीही कंपनीनं तसाच निरोप धाडला तेव्हा मला न विचारता परस्पर 'हरकत आहे' म्हणून मोकळे झाले.

मी तिथेच भांडले. "मले विचारलं काय तुम्ही? घरी चूल माही आहे. तुमाले वाद पाहिजे, मले निकाल पाहिजे."

ते म्हणाले, "चूक झाली. घे तू. सही कर आन मोकळी हो." कांदा खिशात टाकला, उठले, दोन पावलं गेले आणि वळून विचारलं, "पण नळ कोण मागन वं मंग?"

त्या प्रश्नानं मला झोप आली नाही. मी सही केली नाही. पण मला न विचारल्याचं मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मग माझी साक्ष झाली. वकिलाला संमती नाही म्हटल्यावर मला प्रश्न विचारायला कंपनीचे मॅनेजर स्वतः उभे राहिले. हेच मॅनेजर रोज शेडच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे राहून ओरडायचे, 'हात चालवा, हात!' आता तेच मला 'मॅडम' म्हणत होते. "मॅडम, तुम्हाला कंपनीनं खुर्ची दिली होती, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"शेडमधे आणखी कोणाला खुर्ची होती?"

"नाही."

मॅनेजर कोर्टाकडे बघून हसले. काकाजींनी फेरतपासणीत एकच विचारलं, "त्या खुर्चीवर कोण बसत होतं बाई?"

"डबे," मी म्हटलं. "बायांचे जेवणाचे डबे ठेवत होतो जी. तिचा एक पाय मोडला होता, कोणी बसलं की पडे."

कोर्टात हशा झाला. न्यायाधीश मॅडमही ओठ दाबून टाइपिस्टला म्हणाल्या, "घ्या, डबे."

पण ते नंतर. त्याआधी मॅनेजरनी विचारलं, "तुम्ही इतर बायकांना भडकवत होत्या, म्हणून मालकांचा विश्वास उडाला, बरोबर?" मला बोलायचं होतं, सिंधूच्या लेकराचं सांगायचं होतं, पण डोळेच भरून आले. मी ते पुसले आणि म्हटलं, "मी नळ मागितला. दुसरं काही नाही."

तेवढ्यात काकाजी ताडकन उठले. "मॅडम, एक विनंती आहे. बाईनं आत्ता डोळे कशानं पुसले, ते लिहून घ्या."

"कशाला?"

"काम आहे त्याचं. पुढं सांगतो."

मॅडमनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि साक्षीत लिहायला लावलं की साक्षीदारानं डोळे उजव्या हाताच्या कोपरानं पुसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या लोकांसमोर माझं रडणं कागदावर चढवलं! बाहेर आल्यावर मी त्यांना सोडलं नाही. "माह्या आसवांचा तमाशा काहून केला? साक्ष द्याले आली होती मी, रडाले नाही." काकाजींनी ऐकून घेतलं, चहा ओतला, आणि म्हणाले, "पुढच्या तारखेले येजो." बस्स. समजावून सांगायची त्यांना सवयच नव्हती. पुढची तारीख पडेपर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

पुढच्या तारखेला मॅनेजर पिंजऱ्यात आणि काकाजी समोर. समोर कांदा. मला वाटलं आता कायद्याची कलमं निघतील. पण काकाजींनी गप्पा मारायला सुरुवात केली.

"साहेब, शेडमधे जाता तेव्हा मिरचीचा ठसका लागते काय?"

"लागतो ना."

"डोळ्याले पाणी येते?"

"येतंच. कोणालाही येईल."

"कशानं पुसता मग?"

"रुमालानं."

"रुमाल विसरला तर?"

"हातानं पुसतो."

"आग नाही होत डोळ्याची?"

मॅनेजर हसले. मागून वकील खाकरला, पण उशीर झाला होता. "आग कशाला होईल? मी काय मिरचीला हात लावतो?"

"लिहा मॅडम," काकाजी म्हणाले. मग आवाज खाली आला. "ज्यानं दिवसभर मिरचीत हात घातला, तो डोळे कशानं पुसते?"

मॅनेजरनी मागे वकिलाकडे बघितलं.

"तुम्ही शेडच्या दारात उभे राहता ना रोज? पाहिलं असन."

"कोपरानं पुसतात," मॅनेजर म्हणाले.

"कोण पुसते कोपरानं?"

"बायका."

"कोणत्या?"

"मिरची निवडणाऱ्या."

काकाजींनी माझ्या साक्षीचा कागद मॅडमपुढे ठेवला आणि बसले. मॅडमनी तो वाचला, मग माझ्याकडे बघितलं. मी नेहमीसारखी हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. तेव्हा मला कळलं की काम सुटून इतके दिवस झाले, हात कधीचे स्वच्छ झाले, पण डोळ्याजवळ बोट न्यायची माझी अजून हिंमत नाही. हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. मालकांनी गळ्यात काय घातलं ते सगळ्यांनी बघितलं होतं. माझा कोपर फक्त काकाजींनी बघितला.

यावर सगळं ठरलं असं नाही. मी कोणाची रजा मंजूर केली का, कोणाला कामावर ठेवलं का, कोणाला काढलं का, हेही काकाजींनी मॅनेजरना विचारलं आणि प्रत्येकाचं उत्तर 'नाही' आलं. निकालात मॅडमनी लिहिलं त्याचा अर्थ असा, की माणसाला काय म्हणतात त्यावर तो कामगार की अधिकारी ते ठरत नाही, तो मुख्यतः काय काम करतो त्यावर ठरतं. मी कामगार. काढणं बेकायदा. परत कामावर घ्या.

काकाजी म्हणाले, "एवढं समजाले कायदा कायले लागते? माह्या अडाणी मायलेही समजत होतं."

मी घरी जाताना पेढे घेतले आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर गेले. सगळ्यांना वाटले, शिव्या घालणाऱ्या टपरीवाल्यालाही. काकाजींपुढे डबा धरला. त्यांनी विचारलं, "नळ लागला काय?"

"अजून आत कुठं गेली जी मी? लागन."

"मंग पेढा कायचा? नळ लागल्यावर आणजो."

मला इतका राग आला! माणसानं एक दिवस तरी आनंदात राहू द्यावं की नाही? पण पेढा त्यांनी घेतला नाही तो नाहीच. पुढे कंपनी वरच्या कोर्टात गेली. तिथे प्रतिनिधी चालत नाही, वकीलच लागतो. एका तरुण वकिलानं माझी बाजू मांडली आणि काकाजी बाहेरच्या ओसरीत बसून राहायचे, घरात लग्न आणि स्वतः उंबऱ्याबाहेर असं तोंड करून. तिथेही निकाल कायम राहिला. मी फाटकातून आत गेले तेव्हा सिंधूचं ते लेकरू शाळेत जाऊ लागलं होतं.

पहिल्याच दिवशी मॅनेजरनी नवीन ओळखपत्र पुढे केलं. आता सगळ्याच बायकांना तसं दिलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'सहयोगी'. मी म्हटलं, "मले नको. मी मजूर आहे. मले कोर्टानं तसं लिहून देलं." बाकी बायकांनी माझ्याकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत बऱ्याच जणींनी ओळखपत्र गळ्यातून काढून पिशवीत ठेवलं होतं.

नळ मात्र लागला नव्हता. मालकांना दोनदा विचारायला गेले, दोन्ही वेळा ते बाहेर गेले होते म्हणे. काकाजी आजारी पडले तेव्हा मी भेटायला गेले. हाडांची मोळी झाली होती. माझा हात हातात घेऊन त्यांनी बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. "लागलं काम," म्हणाले. मग, "नळ?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. थंडी संपता संपता ते गेले आणि त्यानंतर हा फ्लेक्स लागला.

चौकात तो पंधरवडा फडफडत होता. येता-जाता मला तो कोट दिसायचा आणि जीव जळायचा. मग वाऱ्यानं त्याची एक दोरी तुटली, तसा मी आणि सिंधूनं तो उतरवला, घडी केली आणि ऑटोत घालून शेडमधे आणला. आमची ताडपत्री फाटून तिची चाळण झाली होती. मिरचीत खडे येत होते आणि नवीन ताडपत्री मागितली की 'बघू'.

सिंधू कचरली. "ताई, मेलेल्या माणसाचा फोटो अंथरतं काय वं? पाप लागन."

"उलटा अंथरू," मी म्हटलं. "नाव खाली, काम वर. काकाजीले हेच पाहिजे होतं."

आम्ही तो उलटा पसरला. पांढरीशुभ्र बाजू वर. कोट, पदव्या, गोल फोटो, सगळं जमिनीकडे. त्यावर दोन पोती ओतली आणि भोवती बसून निवडायला लागलो.

दुपारी मालक एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याला माल दाखवायला शेडमधे आले. व्यापारी वाकून मिरची बघू लागला. वाऱ्यानं फ्लेक्सचा एक कोपरा उलटला आणि मालकांना स्वतःचा हात जोडलेला फोटो दिसला.

"हा फ्लेक्स इथे कोणी आणला?"

बायकांचे हात थांबले. मी उठले नाही. मिरचीचा ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कोपरानं पुसलं आणि विचारलं, "मालक, नळाचं काय झालं?"

व्यापारी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघू लागला. मालक म्हणाले, "ते नंतर बोलू. आधी हे उचला."

कोणी उचललं नाही. याच प्रश्नावर एकदा मला फाटकाबाहेर काढलं होतं, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. माझ्या शेजारी सिंधूनं तोंडावरचा पदर खाली केला आणि कधी नव्हे ते मान वर करून म्हणाली, "हो जी मालक. नळाचं काय झालं?"

आणि मग पलीकडच्या रांगेतल्या बायका विचारायला लागल्या.